मोठ्यानं नको, समोर येऊन बोला

मा. संपादक,

३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. त्या सुमारास कानाबद्दल बरंच छापून येतं, आणि बहुतेक ठिकाणी कमी ऐकू येणं म्हणजे म्हातारपण असं धरून चाललेलं असतं. मी इचलकरंजीत १९७९ ते २०१६ यंत्रमागावर काम केलं. पहिली सहा वर्षं माग चालवले, पुढं जॉबर, म्हणजे माग लावून देणारा आणि दुरुस्त करणारा, झालो. सतराव्या वर्षी शेडमध्ये पाऊल टाकलं. माझे कान वयानं गेलेले नाहीत.

कान गेलेत हे मला स्वतःला उमगायला २०२० साल उजाडावं लागलं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले आणि मला माणसांचं बोलणंच कळेना. औषधाच्या दुकानात, बँकेत, दारात आलेल्या नर्सताईंचं. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. त्याच दिवसांत ताप बघायला डिजिटल थर्मामीटर आणला. काखेत धरून मी वाट बघत बसायचो, तो वाजायचाच नाही. खराब निघाला म्हणून परत द्यायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, ‘‘अहो, मघाशीच वाजला की!’’ तिला ती शिट्टी स्वयंपाकघरात ऐकू आली होती. माझ्या काखेतली मला आली नव्हती.

गेली कित्येक वर्षं मी डोळ्यांनी ऐकत होतो, हे त्या दिवशी कळलं. शेडमध्ये आम्ही सगळेच तसं बोलायचो. ओठ, भुवया आणि हात. चाळीस फुटांवरच्या माणसाला बीम, म्हणजे मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आल्याचं सांगायला तोंडातून आवाज काढायची गरजच नव्हती. तीच सवय बाहेरही चालू राहिली आणि कानाचं दुखणं झाकलं गेलं.

२०२१ मध्ये कान तपासून घेतले. तपासणीचा कागद हातात आला. त्यावरची रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी; आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, ती जितकी जास्त तितका आवाज उंच. दोन्ही कानांची रेघ खालच्या पट्टीतल्या, म्हणजे जाड आवाजांना जवळजवळ सरळ जाते, २००० हर्ट्झच्या पुढं उताराला लागते आणि ४००० ला थेट ७० डेसिबलवर जाऊन बसते. तपासणाऱ्या ताईंनी तो खड्डा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘काका, तुम्ही मागावर होता का?’’

आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, आणि शब्द ओळखू येतो तो बराचसा त्यांच्यामुळे. म्हणून मला ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. मंडईत साठ रुपये सांगितल्यावर मी दहाची नोट पुढं करतो आणि मागं उभी असलेली माणसं हसतात. नातीचा आवाज कोवळा आणि उंच. घरात सगळ्यांत जास्त बोलते ती, आणि सगळ्यांत कमी कळतं ते तिचंच.

कानाची रचना मी नंतर वाचून समजून घेतली. पडद्याचा हादरा हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांतून आत जातो. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. त्याच्या आत वाटाण्याएवढा, अडीच वेढ्यांचा शंख आणि त्यात फणीच्या दातांसारख्या ओळीनं लावलेल्या केसाळ पेशी, एका कानात सुमारे पंधरा हजार. उंच आवाजाची जागा शंखाच्या दाराशी, खर्जाची आत टोकाला. हे शोधणारे गेओर्ग फॉन बेकेसी बुडापेस्टमध्ये टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करायचे. सूतगिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांचे फेरे मोजायला लुकलुकता दिवा लावतात, तसल्याच दिव्याखाली त्यांनी मृत माणसांच्या कानातली लाट बघितली. १९६१ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. जन्म यंत्रात गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून भरून आलं.

या पेशींची एक रांग ऐकण्याचं काम करते. उरलेल्या तीन रांगा हलका आवाज आल्यावर स्वतः लांब-आखूड होऊन त्याला बळ देतात. आवाजाच्या माऱ्यात आधी मरतात त्या या तीन रांगांतल्या. कोंबडीला अशा पेशी पुन्हा येतात, माणसाला येत नाहीत. त्यांच्याविना हलकं बोलणं पोचत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. म्हणून हात जोडून सांगतो, आमच्यासारख्यांशी ओरडून बोलू नका. ओरडल्यानं आ आणि ओ तेवढे वाढतात, कान दुखतो, आणि न येणारा ‘स’ तसाच राहतो. उजेडात समोर या, तोंडावरचा हात काढा, टीव्ही बंद करा आणि नेहमीच्या आवाजात सावकाश बोला. काउंटरमागं बसणाऱ्यांनी मान वर करून बोललं तरी पुष्कळ झालं. कानाचं यंत्र मी लावतो, त्याचा उपयोगही होतो. पण मेलेल्या पेशीचं काम यंत्राला करता येत नाही. रात्री सगळं शांत झाल्यावर माझ्या कानात शेड सुरू होते आणि ती बंद करायला खटका नाही.

आता शेडबद्दल. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि त्यावर या गावाची घरं उभी राहिली. माझंही राहिलं. मागाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. जॉबर म्हणून मी त्या गोंगाटात एका मागाच्या धोट्याचा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडाचा, बदललेला ठोका ओळखायचो. पुढं पुढं कानानं ओळखेना, तेव्हा सांगाड्यावर तळहात ठेवून ओळखायला लागलो. हाताला सेकंदाला सात-आठशे कंपनांपर्यंत बरंच कळतं आणि मागाचा बिघाड बहुतेक त्याच्या खालीच बोलतो. त्यामुळे माझं काम कधी अडलं नाही, आणि कान गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, असा हिशोब तज्ज्ञ धरतात. त्या हिशोबानं १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. सातला पाळी लागली की सव्वासातला कानाचा त्या दिवसाचा वाटा संपला. पाळी बारा तासांची. नवे माग बिनधोट्याचे आहेत, पण धोटा गेला म्हणून आवाज गेला असं नाही. हवेच्या झोतावर चालणाऱ्या मागाशेजारी उभं राहून बघावं. माझ्या वेळच्या, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजानं येणारं बहिरेपण नोंद करण्याच्या आजारांत होतं. माझ्या सदतीस वर्षांत एकाही मालकानं किंवा साहेबानं माझे कान तपासले नाहीत.

आम्ही कानात सुताचा बोळा कोंबायचो. त्यानं फार थोडा आवाज अडतो. नीट बसणारे कानमफ वीसेक डेसिबल उतरवतात, म्हणजे शंभराचे ऐंशी. माझ्या पुतण्याचा मुलगा गेल्या वर्षी कामाला लागला, त्याला मी जोडी आणून दिली. चार दिवसांनी बघतो तर मफ गळ्यात. म्हणाला, ‘‘आजोबा, सगळे हसतात, आणि मागाचा आवाज कळत नाही.’’ मी एक पाळी त्याच्याबरोबर मफ लावून उभा राहिलो. ठोका बदललेला त्याला माझ्या आधी कळला. सगळेच आवाज खाली येतात, त्यामुळे वेगळा आवाज वेगळाच राहतो. तेव्हापासून तो मफ काढत नाही.

मालकांनी मफ विकत आणावेत आणि वर्षातून एकदा पोरांचे कान तपासून घ्यावेत. तपासणीला अर्धा तासही लागत नाही. माझा २०२१ चा कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलाय. पाळी बदलताना पाच मिनिटं मिळाली, तर तो घेऊन कुठल्याही शेडवर यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त जॉबर, इचलकरंजी