दुर्गाबाई म्हणजे फक्त जोधाबाई नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीत दुर्गा खोटे यांच्यावरचा लेख वाचला. छायाचित्र छान, पण मजकूर जेमतेम 'मुगल-ए-आझम'मधल्या जोधाबाईभोवती, म्हणजे सलीमच्या आईभोवती, फिरून संपला. जुनी नटी म्हटली की आईची भूमिका, हे समीकरण आपण कधी सोडणार?

बाई सॉलिसिटरच्या घरातल्या. विशीतच वैधव्य आलं, पदरी दोन लहान मुलं. पहिल्या चित्रपटातल्या छोट्या कामाने अब्रू जायची वेळ आली होती. तरीही 1932 मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती म्हणून उभ्या राहिल्या, आणि गाणीही स्वतःच गायल्या. पार्श्वगायनाची सोय तेव्हा होती कुठे? चारच वर्षांनी 'अमर ज्योती'त समुद्री चाच्यांची राणी सौदामिनी! आईपणाच्या साच्यात हे कसं बसवायचं?

आणि रंगभूमीचा तर लेखात साधा उल्लेखही नाही. 'भाऊबंदकी'तल्या त्यांच्या आनंदीबाईबद्दल माझ्या आईकडून मी इतकं ऐकलंय की प्रयोग न बघताही बघितल्यासारखा वाटतो. आई पोळ्या लाटता लाटता मान किंचित वळवून, आवाज न चढवता राघोबादादांना सुनावून दाखवायची. लाटणं तसंच हातात. आम्ही पोरं चिडीचूप.

1983 चा फाळके पुरस्कार लेखकाने दिला आहे, बरं झालं. त्यांचं आत्मचरित्रही मराठीतच आहे. पुढच्या वेळी लिहिण्याआधी तेवढं चाळावं, ही विनंती.

– एक जुनी वाचक, गिरगाव