चुलीचा धूर आणि आईचा दम

महोदय,

माझ्या आईने कधी बिडीला हात लावला नाही, तरी गेल्या वर्षी तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार, निघाला. चाळीस वर्षं फुंकणीने चूल फुलवण्यात गेली, ती अशी अंगावर आली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराचा जिना चढताना दम लागतो, हे शेजारणींना कळू नये म्हणून तिने खाली उतरणंच सोडलं. दोन महिने धड बोलली नाही.

हा आजार मुळापासून जात नाही, हे खरं. पण इन्हेलरची सवय लागते, तो शेवटचा उपाय, या गैरसमजापायी तिने तो कपाटात ठेवून दिला, याचं मला फार वाईट वाटतं. स्पेसर, म्हणजे इन्हेलरला जोडायची पोकळ नळी, लावून औषध घ्यायला, शीळ घातल्यासारखे ओठ करून हळूहळू श्वास सोडायला फिजिओथेरपिस्टने शिकवलं, तेव्हा ती सावरली. आता जिन्यात मधे एक स्टूल ठेवलंय.

थंडीत गल्लीत कचरा पेटला की मात्र तिचा दिवस वाईट जातो. कृपा करून कचरा जाळू नका. आणि श्वसनाचे व्यायाम शिकवण्याची सोय प्रत्येक वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात असावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, महाल, नागपूर