बाईंच्या स्मरणार्थ संगीत शिष्यवृत्ती : एक कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गाणं शिकवणाऱ्या बाईंची ओळख आपल्याला करून द्यायला नको. ‘षड्ज हलला, पुन्हा लाव’ हे न ऐकलेला सभासद आपल्यात विरळाच. हजेरीच्या वहीत प्रत्येकाचं नाव, चालू राग, अडलेली तान असं सगळं त्या लिहीत. ज्यांच्या घरची ओढाताण त्यांना ठाऊक होती, त्यांच्या नावापुढचा फीचा रकाना मात्र त्या कोरा सोडत. बाई गेल्यावर कपाट आवरताना या वह्या हाती आल्या आणि त्या कोऱ्या रकान्यांवरूनच ही शिष्यवृत्ती सुरू झाली.

पहिली देणगी बाईंच्या थोरल्या बहिणीने दिली, आपल्या पेन्शनमधून. तबल्याच्या काकांनी वर्षानुवर्षं मुलींना साथ केली, मानधनाचं पाकीट न उघडता निधीत टाकलं आणि स्वतःची एक जोडीही वर्गाला दिली. पहिल्या तुकडीच्या शिष्या आजही बाईंच्या वाढदिवसाला न चुकता रक्कम पाठवतात. या सर्वांचे ऋण कार्यकारिणी मनापासून मानते. आपल्या शिष्यवृत्तीवर संगीताची विशारद परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी आता स्वतः वर्ग घेते, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे.

मुलं कॉलेजात गेली की गाणं सुटण्याची भीती सर्वांत जास्त. प्रवास, अभ्यास, बरोबरीने अर्धवेळ नोकरी. नेमकी हीच मध्यमा ही परीक्षा पूर्ण करून पुढच्या विशारदकडे वळण्याची वर्षं. इथे आठवड्याला दोन तास पुरत नाहीत. गुरूसमोर बसून विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल घोटावा लागतो. सध्याचा एक विद्यार्थी मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतो, कारण घरच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला गुंजता नाद देणारी घोडीची घडण, गेली आहे आणि शिकवणीची फी भरल्यावर ती पुन्हा नीट करून घ्यायला पैसे उरत नाहीत. तारेखालचा दोरा कितीही सरकवला तरी खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार बोलत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गुणी पण गरीब मुलांना फीवाचून शिकवलं. ती वाट आपल्यालाही चालायची आहे.

मनातलं एक बोलतो, राग मानू नये. गेल्या स्मृतिदिनाच्या मैफलीला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. भैरवीनंतर कितीतरी जणांचे डोळे भरून आले होते. दाराशी ठेवलेलं पावतीपुस्तक मात्र जवळजवळ कोरंच परत आलं. त्यानंतर पाठवलेल्या पत्रांनाही फारशी उत्तरं आली नाहीत. बाईंवरचं आपलं प्रेम खरं आहे हे आम्ही जाणतो, म्हणूनच पुन्हा दार ठोठावतो आहोत. या सत्राचे अर्ज आले आहेत आणि निधीत आहे त्यात निम्म्यांनाही हो म्हणता येणार नाही.

निधीतून शिकवणीची फी, परीक्षा शुल्क व वाद्यदुरुस्ती एवढंच दिलं जातं. फी थेट गुरूंकडे जाते. एका मुलाची महिन्याची फी उचललीत तरी चालेल, वर्षाची उचललीत तर फारच उत्तम. धनादेश संस्थेच्या नावे, मागे ‘बाई शिष्यवृत्ती’ लिहून. ऑनलाइन भरल्यास कोषाध्यक्षांना लगेच कळवावे, नाहीतर पावती राहून जाते. रोख रक्कम वर्गाच्या वेळेत कार्यालयात. घरात विनावापर तंबोरा, पेटी असल्यास तीही हवी आहे, आम्ही येऊन नेऊ. सत्र सुरू होण्याआधी मदत पोचावी.

आपला नम्र,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने