दिवे बसवले, बॅटऱ्यांचे काय?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मेळघाटातील थंडीचे वर्णन करणारा एक लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. विजेची तार न पोहोचलेल्या एका वस्तीत दोन रात्री मुक्काम करून आलेल्या लेखकाने शेकोटीची ऊब, चांदण्यांनी भरलेले आकाश आणि मोबाइलपासून मिळालेली सुटका यांविषयी मनापासून लिहिले आहे, आणि आकाशाबद्दल त्यांनी जे म्हटले आहे ते अगदी खरे आहे. मी धारणी तालुक्यात, सिपना नदीच्या खोऱ्यातील अशाच एका कोरकू वस्तीवर प्राथमिक शिक्षक आहे. शिक्षकांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहावे की नाही, हा वाद जिल्हा परिषदेत अधूनमधून रंगत असतो. मी मुख्यालयी राहतो, त्यामुळे दोन रात्रींच्या पलीकडचा हिवाळाही मला ठाऊक आहे. त्या आधारावर या वस्त्यांमधील सौर दिव्यांविषयी काही मांडू इच्छितो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. ते कागदावर, प्रत्यक्षात पश्चिमेची टेकडी त्याला आधीच झाकते आणि पाचनंतर अंगणात ऊन उरत नाही. सकाळी सातच्या आसपास तो पुन्हा दिसेपर्यंत तेरा तास जातात, आणि हे तेरा तास काही झोपेचे नसतात. हरभऱ्याला घाटे धरू लागले की रानडुकरे आणि रोही (नीलगायी) शेतात उतरतात, म्हणून घरटी एक माणूस तिन्हीसांजेलाच घोंगडी आणि टॉर्च घेऊन मचाणावर जागलीला जातो आणि रात्रभर डबा वाजवत, हाकारे घालत बसतो. मागे घरात म्हातारी माणसे आणि लेकरे शेकोटीभोवती गोळा होतात. कुडाच्या भिंतीला कितीही लिंपले तरी वारा आत येतोच आणि खोऱ्यात थंड हवा साचून राहत असल्यामुळे पहाटे कवेलूंवरून दव पावसासारखे ठिबकते. घरात दिवा असला तर निदान पेटत्या लाकडाजवळ झोपलेल्या लेकरावर नजर ठेवता येते. दिवा नसला की धुराने डोळे चोळत उजेडासाठी जाळ मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी बायांना आणखी एक मोळी आणावी लागते.

दिव्याच्या पलीकडेही बरेच काही विजेवर अडते. चक्की नाही, म्हणून ज्वारीचे गाठोडे डोक्यावर घेऊन मोठ्या गावी जावे लागते. तेथे वीज गेलेली असली तर परत यायचे आणि त्या रात्री भाकरीऐवजी कुटकीचा भात शिजवायचा. रेशनचे धान्य अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राशिवाय मिळत नाही आणि ते यंत्र रेंजशिवाय चालत नाही. खाली अचलपूर-अकोटच्या पट्ट्यातील शेतकरी कृषिपंपांना रात्री वीज मिळते म्हणून संतापतात आणि त्यांचा संताप रास्त आहे. आमच्याकडे तेवढी तक्रार करण्याइतकीही वीज नाही, एवढाच फरक.

आता दिव्यांकडे वळतो. देशातील प्रत्येक गावात वीज पोहोचल्याचे २८ एप्रिल २०१८ रोजी जाहीर झाले. तेव्हाच्या व्याख्येनुसार गावातील १० टक्के घरांना आणि शाळा, पंचायत यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असली की ते गाव विद्युतीकृत धरले जात होते, त्यामुळे मूळ गावाला वीज असली आणि डोंगरापलीकडची वस्ती अंधारात असली तरी हिशेब जुळत असे. उरलेल्या घरांसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली. तार नेणे शक्य नसलेल्या दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचे सौर पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी एक प्लग असा संच देण्याची आणि पाच वर्षे त्याची देखभाल करण्याची तरतूद त्या योजनेत होती. संच चांगला होता, हे मी आवर्जून नमूद करतो. ज्या घरांत तो आला तेथे पहिली दोन-तीन वर्षे रात्री दहापर्यंत मुलांच्या अभ्यासाला उजेड मिळत होता. पण त्या काळात बसवलेल्या संचांची पाच वर्षे आता उलटून गेली आहेत.

हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून दिवे लवकर विझत असतील, असे शहरातून आलेल्या मंडळींना वाटते. हा समज चुकीचा आहे. विदर्भातील हिवाळ्याचे आकाश स्वच्छ असते आणि दक्षिणेकडे तिरक्या बसवलेल्या पॅनेलला दिवसाला साधारण पाच तासांचे पूर्ण ऊन मिळते. २०० वॅटच्या पॅनेलमधून सगळी गळती वजा जाता ६०० वॅट-तास वीज सहज हाती लागते. नऊ-नऊ वॅटचे पाच दिवे सहा तास लावले तरी २७० वॅट-तासच खर्च होतात आणि पंखा तर या दिवसांत कोणी लावत नाही. म्हणजे मिळकत खर्चाच्या दुपटीहून अधिक असूनही आठच्या आत घरात अंधार होतो, कारण ती मिळकत साठवणारी बॅटरी निकामी झालेली असते.

तिचे हे दुखणे पावसाळ्यात सुरू होते. जुलै ते सप्टेंबर या काळात आठवडेच्या आठवडे ढग असतात आणि बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहिलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कण जमतात, काही दिवसांत ते कडक होतात आणि मग उन्हानेही विरघळत नाहीत. जेवढी पट्टी झाकली गेली तेवढी क्षमता कायमची गेली. त्यात थंडीने आणखी दहाएक टक्के घट होते. माझ्या शेजारच्या घरातील बॅटरीची झाकणे फिरवून आत उजेड पाडला, तेव्हा सहाही कप्प्यांत पट्ट्या द्रवाच्या वर उघड्या पडलेल्या होत्या आणि धन टोकावर निळसर पांढरी बुरशी चढलेली होती. ती बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने निघते आणि नंतर व्हॅसलीन लावले की बरेच दिवस पुन्हा धरत नाही, पण हे त्या घरात कोणी कधी सांगितलेच नव्हते. पाणी कमी झाले की डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते, तेही नाही. घरच्या बाईने नदीतल्या झिऱ्याचे स्वच्छ दिसणारे पाणी गाळून घातले होते. त्यातील क्षारांनी उरलेले काम केले. तिला दोष देणारा मी कोण? डिस्टिल्ड वॉटरची बाटली आमच्यापासून सर्वांत जवळ धारणीच्या बाजारात मिळते.

बॅटरी गेल्यावर काही घरांनी भंगारातून जीपची जुनी बॅटरी आणून जोडली आहे. गाडी सुरू करताना क्षणभर मोठा झटका द्यावा यासाठी बनवलेली ती बॅटरी रोज रात्री खोलवर उपसली जाऊ लागली की वर्षभरही टिकत नाही. रोज खोलवर उपसण्यासाठीच बनवलेली नवी ट्युब्युलर बॅटरी काही हजारांची आहे, आणि कापूस वेचायला, हरभरा सोंगायला खाली सपाटीवर जाणाऱ्या कुटुंबाने ती दर चार-पाच वर्षांनी स्वतःच्या खिशातून घ्यावी, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. पॅनेल मात्र पंचवीस वर्षे चालते. छपरावर धड पॅनेल आणि घरात रॉकेलची चिमणी, हे दृश्य म्हणूनच इतक्या ठिकाणी दिसते.

यावर उपाय म्हणून सर्वत्र तारा ओढाव्यात, असे माझे म्हणणे नाही. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पांच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता, आणि शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या प्रवाहाने विदर्भात वाघांपासून माणसांपर्यंत किती जीव गेले, हे आपल्याच दैनिकातून वाचकांना वेळोवेळी कळले आहे. दाट जंगलातून जाणारी तार वादळवाऱ्यात तुटते आणि ती जोडायला दिवस लागतात, हा भाग वेगळाच. ज्या वस्तीला तार हवी असेल तिचा हक्क मात्र कोणी नाकारू नये: वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ज्या तेरा सुविधांसाठी वळवता येते त्यांत वीजवाहिन्या आहेत, तसेच अपारंपरिक ऊर्जेचे स्रोतही आहेत. चार-सहा वस्त्यांच्या मध्ये चक्की चालवू शकेल असा छोटा सौर प्रकल्प याच तरतुदीत बसतो. बायांना विचाराल तर त्या दिव्याआधी चक्की मागतील, असा माझा अंदाज आहे.

तूर्त मागणी लहान आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे तेथील ग्रामपंचायतींना पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याखालील, आदिवासी उपयोजनेच्या रकमेचा पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्यातून पायाभूत सुविधांवर खर्च करता येतो. त्यातील ठरावीक रक्कम दरवर्षी बॅटरी बदलण्यासाठी बाजूला काढावी. एकाच वर्षी सगळ्या घरांचा भार येऊ नये म्हणून पाळीपाळीने बदल करावा. शक्य तेथे शिशाऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्यावी, कारण तिला पाणी घालावे लागत नाही, अर्धवट चार्ज राहिली तरी ती बिघडत नाही आणि किंमत जास्त असली तरी आयुष्य दुप्पट-तिपटीहून अधिक असते. प्रत्येक वस्तीतील दहावी-बारावी झालेल्या एका मुलाला किंवा मुलीला मीटर, पाना आणि महिन्याचे थोडे मानधन द्यावे. या कामाला अभियंता लागत नाही. जुन्या बॅटऱ्या वजनावर भंगारवाल्याला जातात आणि शिसे ओढ्याकाठी वितळवले जाण्याची भीती राहते, तेव्हा त्या परत घेण्याची जी जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, ती खरेदीच्या करारातच लिहून घ्यावी.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भाच्या विजेवर चर्चा होईलच. किती संच बसवले, याचे उत्तर सरकारकडे तयार असते. बसवलेल्यांपैकी किती संचांवर रात्री आठनंतर दिवा लागतो, एवढाच प्रश्न आमच्या भागातील लोकप्रतिनिधींनी विचारावा आणि त्यासाठीची पाहणी दुपारी पॅनेलचे छायाचित्र काढून उरकू न देता जानेवारीतल्या रात्री करून घ्यावी. पाहणीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाची सोय शाळेच्या वर्गखोलीत होईल. पांघरूण तेवढे सोबत आणावे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
ता. धारणी, जि. अमरावती