उपचार संपतात, धास्ती उरते

जागतिक कर्करोग दिनानिमित्त (४ फेब्रुवारी) आपण प्रसिद्ध केलेला, कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. पण उपचार संपले की सारे संपले, हा त्याचा सूर पटला नाही. माझ्या पत्नीचे उपचार कधीच आटोपले, तरी फेरतपासणीची तारीख जवळ आली की तिची झोप उडते. भेटायला येणारे 'आता तर ठणठणीत आहेस' म्हणतात आणि तिचे बोलणे तिथेच खुंटते.

ही भीती म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. स्तनाच्या कर्करोगाचे काही प्रकार अनेक वर्षांनीही उलटू शकतात. म्हणूनच त्यात हार्मोनविरोधी गोळ्या पाच ते दहा वर्षे देतात. या भीतीवर इलाजही आहे. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत (२०१७) मानसशास्त्रज्ञांबरोबरच्या पाच बैठकांनी रुग्णांची धास्ती बरीच कमी झाली.

खानदेशातले अनेक रुग्ण मुंबई-नाशिकला तपासणी करून परततात. मनातल्या शंका इथे विचारायच्या कोणाला? धुळे, जळगाव, नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी महिन्यातून एकदा अशा रुग्णांची आणि घरच्यांची समुपदेशकासह बैठक घ्यावी. जुन्या रुग्णांना आवर्जून बोलवावे. पत्नीला खरा धीर दिला तो याच आजारातून उठून पुन्हा शेतात राबणाऱ्या एका बाईंनी, डॉक्टरांनी नव्हे! तोवर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आपण अशा लेखांखाली छापावा. तेथे मराठीतून बोलता येते.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)