सूचना : रविवारच्या बैठकीला येताना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या जागी, सातपूरला बैठक आहे. विषय एकच : एकमेकांच्या साथीने काम वाढवणे.

नाशिकचा 2026-27 चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. मंडप, केटरिंग, छपाई, वाहतूक अशी कामे एकट्याला पेलत नाहीत म्हणून बाहेरगावी जातात, याचे मनापासून वाईट वाटते. केटरिंगवाल्याने मंडपवाल्याला आणि छपाईवाल्याला सोबत घेऊन एकच कोटेशन दिले, तर तेच काम नाशकात राहील.

मात्र तोंडी बोलीवर काम घेऊ नका. कोण काय करणार, जीएसटीचे बिल कोण फाडणार, माल खराब निघाला तर भरपाई कोणाची, हे आधी कागदावर आणा. मागे माझे स्वतःचे पैसे याच कारणाने आठ महिने अडकले होते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आधी करा, ती मोफत आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाला तर व्याज मागता येते.

येताना तुमच्या कामाचे दोन फोटो आणि कोणाची जोड हवी आहे ते लिहून आणा. नवीन सभासदांनी संकोच करू नये.

– सचिव