आमरीसोबत तिची बुरशीही वाचवा

माननीय पर्यावरणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

आमरीची, म्हणजे ऑर्किडची, पिकलेली शेंग एकदा तळहातावर उकलून पाहा. धुळीसारखी भुकटी उडते. ती सगळी बीजं. काही जातींच्या एकाच शेंगेत ती लाखोंनी भरतात, पण कोंबाला पुरेल एवढी शिदोरी एकातही नसते. नेमकी बुरशी आत शिरली तरच बीज रुजतं. तिचे तंतू पेशींमध्ये वेटोळी घालून बसतात आणि ती वेटोळी पचवत रोप वाढतं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८९९ मध्येच दाखवून दिलं होतं. तरी आपल्या संवर्धनाच्या योजना अजून फुलापाशीच थांबतात. साइट्स, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणारा करार. त्यात ऑर्किडचं अख्खं कुळ आहे. बुरशीचं नाव नाही.

हवामान बदलतंय तसा हा जोडीदार आधी अडचणीत येतो. मातीचा वरचा थर लवकर सुकतो, धुकं कमी झालं की झाडाची साल कोरडी पडते, आणि बुरशी राहते ती नेमकी तिथेच. काही आमरींची बुरशी तर मोठ्या झाडांच्या मुळांवर जगते. दुष्काळात झाड गेलं की मागोमाग दोघीही जातात. पश्चिम ऑस्ट्रेलियातली भूमिगत आमरी, रायझँथेला, कधी हिरवी होतच नाही. झुडपाच्या मुळांतलं अन्न बुरशीमार्फत तिच्यापर्यंत पोचतं. दुवा तुटला की ती उपाशी.

ऊन वाढलं तर आमरी डोंगरावर सरकेल, असं म्हणतात. बी वाऱ्याने सरकेलही. पण वर ती बुरशी नसेल तर रुजणार कशी?

मला सर्वात जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमरीची जुनी रोपं वर्षानुवर्षं तग धरून फुलत राहतात. मी पाहिलेल्या एका जागी दरवर्षी फुलांची मोजणी व्हायची, आकडा चांगला यायचा. मी गुडघे टेकून पालापाचोळा बाजूला केला, तर नखाएवढं एकही कोवळं रोप सापडलं नाही. ती वसाहत म्हातारी झाली होती आणि कागदावर ठणठणीत होती.

म्हणून विनंती आहे की मोजणीत फुलांसोबत रोपंही धरा. बियाणं साठवताना त्याच आमरीच्या मुळांतली बुरशी वेगळी करून तीही जतन करा. आणि आमरी हलवण्याची परवानगी देण्याआधी नव्या जागी थोडी बीजं पुरून रुजतात का ते बघा. त्यासाठी जाळीच्या छोट्या पाकिटांत बी घालून ती मातीत ठेवतात. खर्च फार नाही, पण वाट मात्र महिनोन्‌महिने पाहावी लागते.

आपला,
आमरींचा एक अभ्यासक